उजवी सोंड कोणाच्या उजवीकडची?

भाद्रपदाची चाहूल लागली की आमच्या नेवाशात प्रवरेप्रमाणेच माणसांच्या शंकांनाही पूर येतो. प्राणप्रतिष्ठेस मध्यान्हकाळ चुकला तर चालेल काय, सुतकात गणपती आणावा की नाही, गौरी कोणत्या नक्षत्रावर आणाव्यात, एक ना दोन. कीर्तनकाराच्या ओसरीवर या दिवसांत शंकासमाधानाचे दुसरे कीर्तनच चालू असते. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या सायंकाळी शेजारच्या आळीतील ऐंशी वर्षांच्या एक काकू तांबड्या वस्त्राने झाकलेली मूर्ती नातवाच्या हाती देऊन आल्या. डोळे भरून आले होते. "बुवा, उजव्या सोंडेचा आला हो घरात! सून म्हणते, हा कडक असतो. आता एवढं सोवळं माझ्याच्यानं कसं निभायचं?"

मी वस्त्र दूर सारले. शाडूची वीतभर सुबक मूर्ती. सोंडेचे टोक मोदकाकडे वळलेले आणि ते माझ्या उजव्या हाताच्या बाजूस. सूनबाईंचे म्हणणे डोळ्यांना खरेच होते. मी काकूंना म्हटले, "काकू, तुम्ही भिंतीला पाठ लावून, गणपती बसतो तशा, माझ्याकडे तोंड करून बसा. आता उजवा हात वर करा." त्यांनी केला. तो माझ्या डावीकडे होता. क्षणभर त्या मूर्तीकडे, क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहत राहिल्या आणि मग लहान मुलीसारख्या हसल्या. मूर्ती नेहमीच्याच डाव्या सोंडेची होती.

उजव्या सोंडेच्या उपासनेविषयी जो समज आपल्या घराघरांत रूढ आहे त्याच्या खोलात मी आज शिरत नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच की, मूर्तीचे दक्षिणांग आणि वामांग ही नेहमी मूर्तीच्या स्वतःच्या अंगावरून मोजावयाची असतात, पाहणाऱ्याच्या नव्हेत. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात भीमातीरी सिद्धटेकचा सिद्धिविनायक आहे. अष्टविनायकांत उजव्या सोंडेचा तेवढा तोच. त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिलात की सोंड तुमच्या डाव्या हाताकडे वळलेली दिसते. अर्धनारीनटेश्वरात पार्वती वामांगी असते, म्हणून घारापुरीच्या लेण्यात ती आपल्याला आपल्या उजवीकडे भेटते. गंमत अशी की प्रदक्षिणा घालताना मात्र देव आपल्या उजव्या हाताशी ठेवावयाचा असतो. तेथे उजवी बाजू भक्ताची धरली आहे! (सिद्धटेकला मूर्ती टेकडीला लागून असल्याने प्रदक्षिणा साऱ्या टेकडीला घालावी लागते. ज्या अहिल्यादेवींनी ते देऊळ बांधले त्यांचे चोंडी हे जन्मगाव त्याच परिसरातले, आणि आता तर जिल्ह्यालाच त्यांचे नाव मिळाले आहे.) एकाच देवळात, एकाच क्षणी, 'उजवे' या शब्दाचे दोन धनी असतात, आणि भाविक माणूस कोणत्याही गोंधळाशिवाय दोघांचेही ऐकतो. गोंधळ होतो तो मूर्ती घरी आणल्यावर. त्यात आरशाची आणखी भर. आरशातला गजानन नेहमीच सोंड पालटून बसतो, आणि हल्ली मोबाइल स्वतःकडे वळवून कुटुंबाचे छायाचित्र घेताना मागच्या मखरातला डाव्या सोंडेचा बाप्पा पडद्यावर उजव्या सोंडेचा दिसू लागतो. काकूंच्या नातवाने मला हे त्याच वेळी करून दाखविले.

काकू हसत घरी गेल्या. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कारण पाहणाऱ्याने आपले स्थान न ओळखता मूर्तीला दोष लावण्याचा अपराध मी स्वतः केलेला आहे, आणि तो घरातल्या घरात नव्हे, चारचौघांत केलेला आहे.

१९८६ सालची गोष्ट. संस्कृताची पदवी घेऊन मी नुकताच गावी परतलो होतो. वय सव्वीस, आणि विद्या अंगात मुरण्याऐवजी अंगावर चढलेली. गावातल्या एका मंडळाने त्या वर्षी उभी गणेशमूर्ती करावयास सांगितली होती आणि उत्सवात कीर्तने माझी ठरली होती. मंडळाची मंडळी मला मूर्ती पाहण्यास कुंभारआळीत घेऊन गेली. मूर्तिकार पन्नाशीचे, अबोल. त्यांच्या पडवीत जमिनीवर ठेवलेली साडेपाच फुटांची ती मूर्ती पाहून मी चकितच झालो. मस्तक भले थोरले, खांदे रुंद, आणि खाली पाय आखूड. शिवाय सारी मूर्ती किंचित पुढे झुकलेली. शिल्पग्रंथांत देवतांची उंची तालमानाने सांगितली आहे. ताल म्हणजे मुखाची लांबी. थोर देवतांस नवताल, गणेशास पंचताल. मी खिशातून सुतळी काढली, मुख मोजले, तेच माप पायापर्यंत घालीत गेलो. पाच भरेनात. चार आणि वर थोडेसे. "हे अशास्त्रीय आहे," मी म्हणालो. कोणी विचारले नव्हते तरी दोन श्लोकही म्हटले. मूर्तिकार एवढेच म्हणाले, "बुवा, वर चढवल्यावर बघा."

मंडळाने माझ्या शब्दावर त्यांचे निम्मे पैसे कापले.

आता यातला दैवयोग ऐका. कीर्तन मी कोठे उभा राहून करीत होतो? त्याच कट्ट्यावर, मूर्तीच्या शेजारी. दहा दिवस मला ती मूर्ती दिसली ती बाजूने आणि जवळून. दररोज ते मोठे मस्तक आणि आखूड पाय पाहून माझे समाधान होई, की आपण बोललो ते खरेच होते. अनंत चतुर्दशीला कीर्तन नव्हते. आरतीला मी लोकांत, खाली, मांडवाच्या मध्यावर जाऊन बसलो आणि मान वर केली.

काय सांगू? मूर्ती सरळ झाली होती. मस्तक जेथे जेवढे हवे तेवढे. पाय लांबले होते. पुढे झुकलेले शरीर आता झुकलेले नव्हतेच. उदराआडून मुख झाकले जात नव्हते, आणि डोळ्यांची आखणी अशी की दृष्टी नेमकी बसलेल्या माणसांवर उतरत होती. दहा दिवस सारे गाव ज्याचे दर्शन घेत होते ते मी एकट्याने घेतलेच नव्हते.

यातले गणित अवघड नाही. कोणत्याही देवळापुढची दीपमाळ आठवा. खालचे हात ठसठशीत दिसतात आणि वर वर जावे तसे ते लहान आणि एकमेकांच्या जवळ आलेले वाटतात. दीपमाळ वर निमुळती होत जाते हे खरे, परंतु डोळा तिला आहे त्याहून अधिक निमुळती करतो. उंचावरची वस्तू आपल्यापासून लांब असते आणि आपण तिला खालून तिरकस पाहतो, म्हणून ती डोळ्यात कमी जागा व्यापते. मस्तक मापात घडवून कट्ट्यावर चढविले तर ते खालून बोराएवढे दिसेल. म्हणून जाणता मूर्तिकार डोळा जेवढे चोरणार तेवढे आधीच वाढवून ठेवतो, आणि मूर्तीला जराशी पुढे झुकवितो. पेणच्या शाडूकामापासून मुंबईच्या उंच मूर्तींपर्यंत ज्या हातांनी हे साधले त्यांपैकी किती जणांनी तालमानाचे ग्रंथ उघडले असतील?

ग्रंथांतही ते आहेच. मीच वाचूनही पाहिले नव्हते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. राजा वज्र आणि मार्कंडेय मुनी यांचा तो संवाद. त्यात आकृतीची नऊ स्थाने सांगितली आहेत. समोरून पाहिलेले ऋज्वागत, एका बाजूने पाहिलेले पार्श्वागत, पाठमोरे पृष्ठागत आणि त्यांच्या अधलेमधले प्रकार. आकृती जसजशी वळते तसतसे तिचे एक अंग डोळ्यासमोर घटते आणि दुसरे वाढते; याला तेथे क्षय आणि वृद्धी अशी सुंदर नावे आहेत, जणू चंद्राच्या कलाच. सपाट भिंतीवर उंचसखलपणाचा भास करून देणारी छायाप्रकाशाची रीत, जिला वर्तना म्हटले आहे, तिचे तीन प्रकार आहेत. आणि निम्न व उन्नत यांचा विभाग ज्याला दाखविता येतो त्यालाच ग्रंथकार चित्रविद् म्हणतो. त्याच प्रकरणात प्रेक्षकांचीही वर्गवारी आहे: आचार्य रेषेची वाहवा करतात, चोखंदळ रसिक वर्तनेची, स्त्रियांना अलंकार आवडतात आणि इतर जनांना रंगांची लयलूट. स्त्रियांविषयीचे ते विधान आज कोणास रुचणार नाही, मलाही रुचत नाही. परंतु पाहणारा कोठे उभा आहे याबरोबरच तो कोण आहे, हेही त्या प्राचीन ग्रंथकाराने चित्राच्या हिशेबात धरले होते. सुतळी घेऊन मूर्ती मोजणारा मात्र या वर्गवारीत कोठेच नाही.

कालिदासाला हे पूर्ण ठाऊक होते. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंताने काढलेले शकुंतलेचे चित्र पाहताना विदूषक म्हणतो की, यातल्या उंचसखल जागांत माझी नजर जणू अडखळते आहे. सपाट फलकावर नजर अडखळणे ही चित्रकाराला मिळालेली केवढी पावती! पुढे खुद्द राजाच चित्रातल्या भुंग्याला दटावू लागतो आणि विदूषकाला त्याची आठवण करून द्यावी लागते की, महाराज, हे चित्र आहे. चित्र काढणाराच चित्रात हरवतो. मयसभेत दुर्योधनाचे असेच झाले. स्फटिकाच्या भूमीवर त्याने पाणी समजून वस्त्र सावरले आणि पाण्याला भूमी समजून तो आत पडला. (आम्ही कीर्तनकार तेथे द्रौपदीच्या तोंडी 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' असे शब्द घालून टाळ्या घेतो, पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत ते शब्द नाहीत. मी ते म्हणणे सोडले, त्यालाही आता वीस वर्षे झाली.)

प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर अजिंठ्याला जावे. नगर जिल्ह्यातून तो प्रवास फार लांबचा नाही. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गर्भगृहातली बुद्धमूर्ती आहे. तेथील वाटाडे दिवा एका बाजूने धरतात तेव्हा मुखावर स्मित उमटते, दुसऱ्या बाजूने धरतात तेव्हा तेच मुख खिन्न होते, आणि समोरून प्रकाश आला की ध्यानस्थ. दगड तोच, छिन्नीचा घावही तोच. ओठांच्या कडांशी सावली कोठे पडते एवढाच काय तो फरक. त्याच लेण्यात एका स्तंभाच्या माथ्यावर चार हरणे कोरली आहेत आणि चौघांत मिळून मुख एकच. ज्या हरणाकडे पाहावे त्याचे ते मुख होते. आम्ही गेलो तेव्हा माझी नात म्हणाली, "आजोबा, हे त्या बसलेल्या हरणाचं आहे." मी म्हटले, उभ्याचे. आम्ही दोघेही बरोबर होतो आणि लेणे सोडेपर्यंत भांडत होतो.

वेरूळच्या कैलासाची गोष्ट याहून वेगळी आणि मला अधिक विचारात पाडणारी. अंगणात उभे राहून पाहणाऱ्याला मंडपाचे छत दिसतच नाही. मागच्या डोंगरावर चढून खाली पाहिले म्हणजे त्या छतावर कोरलेले भव्य कमळ आणि भोवतालचे चार सिंह दिसतात. लेणे वरून खाली खोदत आणले, म्हणजे हे काम आरंभी झाले असणार हे कारण आहेच. परंतु खाली येणाऱ्या भाविकाला जे कधी दिसणार नाही ते इतक्या निगुतीने का कोरले? सारे स्थान माणसाच्याच पायाखाली असते असे त्या कारागिरांनी मानलेले दिसत नाही.

असो. समुद्रापलीकडेही हाच अनुभव आहे. प्राचीन ग्रीसचा थोर शिल्पी फिडियस आणि अल्कामेनिस यांच्यात देवीची मूर्ती घडविण्याची चढाओढ लागल्याची कथा आहे. मूर्ती उंच स्तंभांवर बसवावयाच्या होत्या. जमिनीवर असताना फिडियसची मूर्ती लोकांना इतकी विद्रूप वाटली की ते त्याला दगड मारावयास उठले. वर चढविल्यावर तीच सुंदर दिसली आणि दुसरीचे हसे झाले. ही कथा त्झेत्झेस नावाच्या ग्रंथकाराने बाराव्या शतकात, म्हणजे फिडियसनंतर दीडहजारांहून अधिक वर्षांनी लिहिली, तेव्हा ती किती खरी हा प्रश्न आहेच. मी ती प्रथम वाचली तेव्हा मला मात्र कुंभारआळीतली पडवी आठवली आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

तत्त्ववेत्ता प्लेटो याला हे रुचत नसे. भव्य शिल्पे करणारे खरी प्रमाणे सोडतात आणि केवळ दिसण्यापुरते सौंदर्य निर्माण करतात, म्हणजे ही एक प्रकारची फसवणूकच, असा त्याच्या 'सोफिस्ट' या संवादाचा रोख आहे. मला आपल्या शंकुकाचे म्हणणे अधिक पटते. अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरील टीकेत या आचार्याचे मत दिले आहे. भिंतीवर घोडा रंगविलेला पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. हे ज्ञान सत्य आहे काय? नाही. मिथ्या आहे काय? तेही नाही, कारण आपण त्यावर खोगीर घालावयास जात नाही. संशय आहे, की नुसते सादृश्य? यांपैकीही काही नाही. ती एक निराळीच प्रतीती, आणि कलेचा सारा आस्वाद तिच्यातच आहे. पार्थिव गणेशापुढे अक्षता हाती घेऊन बसणाऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. माती आहे हे त्याला ठाऊक असते, दहा दिवसांनी ती विरघळणार हेही ठाऊक असते, आणि तरीही नैवेद्य दाखविताना तो दूध फार गरम नाही ना, हे बोट लावून पाहतो.

आमच्या गावाचा तर या विषयावर हक्कच आहे. येथे प्रवरेकाठी, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरमाउलींनी भावार्थदीपिका सांगितली. चौथ्या अध्यायात कर्मातले अकर्म समजावून देताना माउली होडीत बसलेल्या माणसाचा दृष्टांत देतात. त्याला काठावरची झाडे वेगाने पळताना दिसतात. नीट पाहिले तर झाडे अचल आहेत. त्याच ओघात पुढे, उदयास्तांमुळे न चालणारा सूर्य चालतासा वाटतो, हाही दाखला येतो. सूर्याविषयीचे हे शब्द कोपर्निकसाच्या ग्रंथापूर्वी अडीचशे वर्षे आधीचे म्हणून मोठ्या अभिमानाने सांगितले जातात. माउलींना तेथे खगोल शिकवावयाचा नव्हता, हेही मी श्रोत्यांना सांगतो. मला ओढ आहे ती होडीची. पूर्वी पावसाळ्यात होडीने प्रवरा ओलांडताना मी लहानपणी झाडे पळताना पाहिली आहेत, आणि ज्यांनी हा दृष्टांत दिला त्यांनीही याच पाण्यावर तो पाहिला असेल, असे मला वाटत आले आहे.

आणखी एक शंका भाविक मंडळी हमखास विचारतात, तिचेही समाधान करून टाकतो. देवाची तसबीर खोलीत कोठेही गेले तरी आपल्याकडेच पाहते, हा साक्षात्कार काय? ज्या चित्रातील मुख समोर पाहत आहे अशी कोणतीही तसबीर असेच करील, मग ती देवाची असो वा आजोबांची. चित्र सपाट असते; आपण बाजूस सरकलो तरी त्यातील बुबुळ आणि पापण्या यांचे परस्परांशी नाते बदलत नाही, म्हणून समोर पाहणारा डोळा समोर पाहतच राहतो. घडीव मूर्तीचे तसे नसते. बाजूस गेलात की तिचा एक गाल दिसतो, दुसरा लपतो, आणि दृष्टी तुम्हाला सोडून पूर्वीच्याच जागी राहते. म्हणूनच गर्भगृहाच्या द्वाराच्या उंचीचे भाग पाडून मूर्तीची दृष्टी कोणत्या भागी यावी याचे नियम शिल्पग्रंथांनी घालून दिले आणि म्हणूनच शिवालयात आपण नंदीच्या शिंगांवर बोटे ठेवून त्यांतून पिंडीचे दर्शन घेतो. पाहणाऱ्याची जागा तेथे ठरवून दिलेली आहे. तसबीर सर्वांकडे जाते, मूर्तीकडे मात्र आपल्याला जावे लागते.

मूर्तिकारांकडे जाण्यास मला बारा वर्षे लागली. १९९८ च्या श्रावणात गेलो. मंडळ तोवर मोडले होते. कापलेले पैसे मी पाकिटात घालून नेले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि काम मुलाने हाती घेतले होते. मी नाव सांगितले, झाले ते सारे सांगितले, चूक माझी होती असे म्हटले. पाकीट त्यांनी मुलाकडे दिले, उघडून पाहिले नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग माझ्या दिशेने सरकून म्हणाले, "बुवा, कट्टा पाच फुटी होणार म्हणून सांगितलं होतं मला. केला सातचा. डोकं अजून बोटभर मोठं पाहिजे होतं. तुम्ही खालून बघितलं म्हणता, मग सांगा, बारीक दिसलं का हो?"

मी खालून पाहिले होते ते एका आरतीपुरते, आणि तेही ओल्या डोळ्यांनी. मला सांगता आले नाही.